वस्तीत मालिशचा वर्ग सुरू करायचाय: पैसे कुठं वाचवावेत आणि कुठं नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देते आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. नागपुरात पारडीच्या बाजूला तुमचा बचत गट आहे. गटातल्या दहा-बारा बायका बहुतेक धुणीभांडी करतात, काही बांधकामावर जातात. शिवाय वस्तीत विशीतली दोन अंध मुलं आहेत. या सगळ्यांच्या हाताला मालिशचं काम मिळावं असं तुम्हाला वाटतं. खासगी संस्थेनं सांगितलेली फी त्यांच्या महिन्याच्या कमाईच्या कितीतरी पट आहे. म्हणून तुम्ही विचारलंय की पंधरा दिवसांत, नाममात्र खर्चात, वस्तीतच हे शिकवता येईल का आणि लगेच काम मिळेल का.

वस्तीत शिकवता येईल, खर्चही फार थोडा येईल. पण पंधरा दिवसांत होणार नाही, आणि तसं कुणी करून देतो म्हणाला तर त्याला नाही म्हणा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी रुग्णालयात काम केलं, आता बरीच वर्षं नागपूरच्या वस्त्यांमध्ये बायकांना आणि काही पुरुषांनाही मालिश शिकवते. गरिबांसाठीच्या प्रशिक्षणात पैसा कमी पडला की पहिली कात्री तासांवर चालते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. वर्ग छोटा होतो, सराव कमी होतो, शेवटच्या दिवशी फोटो आणि प्रमाणपत्र मात्र ठरल्याप्रमाणे होतं. खरं तर मालिशला महाग अशी एकही वस्तू लागत नाही. चटई, धुतलेल्या चादरी, तेल आणि एक हवेशीर खोली एवढ्यावर वर्ग चालतो. खर्च आहे तो वेळेचा. शिकणारीचा रोज बुडतो, आणि शिकवणाऱ्याची नजर तिच्या हातावर कितीतरी तास असावी लागते. त्यामुळे पैसे जागेत वाचवा, सामानात वाचवा, उद्घाटनात वाचवा. तासांना हात लावू नका.

मग तास किती? अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत मसाजच्या परवान्यासाठी ५०० किंवा त्याहून जास्त तासांचं शिक्षण लागतं. उलट बँकॉकच्या वाट फो मंदिरातली १९५५ पासूनची शाळा परदेशी पाहुण्यांना थाई मालिशचा प्राथमिक अभ्यासक्रम ३० तासांत शिकवते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण एकीकडे व्यवसाय करायचा आहे आणि दुसरीकडे तोंडओळख. तुमच्या बायका अनोळखी घरात जाऊन पैसे घेऊन काम करणार आहेत, तेव्हा तोंडओळख पुरणार नाही. मी दीडशे तासांच्या आसपास धरते. आठवड्यातून चार दिवस, दोन-दोन तास, म्हणजे सणवार आणि लग्नसराई धरून पाचेक महिने. त्यातले पहिले चाळीसेक तास आधी कधी थांबायचं ते, मग कपड्यांवरूनच पाठ, खांदे, हात आणि पावलं. तेलाची मालिश त्यानंतर. बाळ-बाळंतीण अगदी शेवटी, आणि तेही सगळ्यांना नाही.

हा आकडा परिस्थितीनुसार बदलतो. एखादीची आई किंवा सासू बाळंतिणीची मालिश करत आली असेल तर तिचा हात आधीच बसलेला असतो. तिला तंत्र शिकवायला कमी वेळ लागतो, पण जुन्या सवयी सोडवायला जास्त. जिला लिहिता-वाचता येत नाही तिला वेळ जास्त लागतो असा समज आहे, तो मला खरा वाटत नाही. शिकवणाऱ्यानं फळ्यावर अवलंबून राहायचं सोडलं की तो फरक उरत नाही. जमिनीवर जुनी चादर अंथरून एका बाईला पालथं झोपवा, खडूनं तिच्या अंगाभोवती रेघ ओढा, आणि फऱ्याचं हाड, मणके, खुबा, माकडहाड, पोटरी, घोटा हे सगळं तिथंच दाखवा. वर्गात अर्ध्या बायका छत्तीसगढी-हिंदी बोलणाऱ्या असतील तर त्यांचे शब्दही बाजूला लिहा. लॅटिन नावांनी इथं कुणाचंच भलं होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिले दोन आठवडे मी हात कसा चालवायचा हे जवळजवळ शिकवतच नाही. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, ते शिकवते. मालिश हे निरुपद्रवी काम आहे असं लोकांना वाटतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण जिथं ते खरं नसतं तिथं जीव जाऊ शकतो.

बाळंतपणानंतरची पोटरी घ्या. गरोदरपणात आणि नंतरचे सहा आठवडे बाईच्या रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढलेली असते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, लालसर दिसते, अशी बाळंतीण म्हणते, "पाय लय भरून राह्यला, जरा जोरात चोळून दे." चोळताना शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर काही मिनिटांत जीवावर बेततं. वर्गातल्या प्रत्येकीला मी हे पाठ करायला लावते: दोन्ही पाय सुजलेले असले तर विचार, एकच सुजला असेल तर थांब आणि दवाखान्यात पाठव. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ १०८ ला फोन.

दुसरा विषय आपल्या विदर्भाचा, आणि पुण्या-मुंबईच्या अभ्यासक्रमात तो सहसा नसतो. तो म्हणजे सिकलसेल. आपल्याकडे आदिवासी समाजांत आणि अनुसूचित जातींमध्ये, म्हणजे तुम्ही ज्यांना शिकवणार आणि त्या ज्यांच्यावर सराव करणार त्या घरांमध्ये, हा आजार पुष्कळ आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. घरातली माणसं साहजिकच म्हणतात की पोराचे हातपाय दुखून राहिले, मालिश करून दे. या दुखण्याच्या झटक्यात जोरात दाबायचं नाही, बर्फ किंवा थंड पट्टी अजिबात लावायची नाही, कारण थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि त्रास वाढतो. पाणी पाजायचं, अंग उबदार ठेवायचं आणि मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), मेयो किंवा जवळच्या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून तपासणीवर जास्त भर आहे. वर्ग सुरू करण्याआधी शिकणाऱ्यांनीही तपासणी करून घेतली तर उत्तम. पण ती सक्ती नको, आणि निकाल वर्गात जाहीर करायचा नाही.

हत्तीपायाचा रोगही नागपूर जिल्ह्याला जुना आहे. सुजलेला पाय लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर हात लावायचा नाही. एरवीही अशा पायाला जोराची मालिश नको. रोज साबण-पाण्यानं पाय धुणं, बोटांमधली जागा कोरडी ठेवणं आणि पाय उशीवर उंच ठेवणं एवढं शिकवलं तरी त्या माणसाचं आयुष्य सुधारतं.

पाठीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं हात लावलेला कळत नसेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही, मालिश करणारीला दिसते. ते न ओरडता, न घाबरवता, त्या माणसाच्या कानात सांगता आलं पाहिजे, आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे, आजार पूर्ण बरा होतो, हेही सांगता आलं पाहिजे. साखरेच्या रुग्णाची पावलं अशीच बधिर असू शकतात. तिथं गरम तेल आणि विटेचा शेक चालत नाही, कारण भाजलेलं त्याला कळणार नाही.

बाकी नियम थोडक्यात: ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, ताजा मुका मार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, फुगलेल्या शिरा, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, चालू असलेले कॅन्सरचे उपचार, यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काम करायचं नाही. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं तर ती कंबर मालिशवालीची नाही, तातडीनं रुग्णालयाची आहे. आणि मान झटक्यानं फिरवून कडकवणं माझ्या वर्गात पूर्ण बंद आहे. सलूनमध्ये ते सर्रास होतं, पण मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो.

बाळाच्या मालिशबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यांत जुनी मागणी तीच आहे आणि सगळ्यांत चुकीच्या पद्धतीही तिथंच आहेत. तान्ह्या बाळाच्या नाकात-कानात तेल सोडायचं नाही, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. बाळाची छाती पिळून दूध काढायचं नाही, तिथं संसर्ग होऊन गळू होतो. नाक ओढून सरळ होत नाही आणि डोकं दाबून गोल होत नाही. पाय धरून उलटं लटकवायचं नाही. बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको, त्या धुरानं बाळ आणि आई दोघांचाही श्वास कोंडतो. मोहरीचं तेल नवजात बाळाच्या नाजूक त्वचेला झोंबतं, म्हणून ते टाळते. वजनानं कमी किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. हे सगळं सोडल्यावर उरतं काय? उबदार खोली, कोमट हात, थोडं तेल, हलका आणि सावकाश स्पर्श, आणि बाळानं तोंड फिरवलं किंवा रडायला लागलं की थांबणं. एवढंच पुरतं. घरातल्या आजीबाईला हे पटवणं कठीण असतं. म्हणून वर्गात एकीला आजी करून मी तो संवादच घडवून आणते: आजी म्हणते जोरात चोळ, आणि शिकणारी तिचा मान ठेवून नाही म्हणते. सिझेरियन झालेल्या आईच्या पोटावर जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत हात नाही, हेही त्याच संवादात येतं.

आता हात. तंत्र तसं थोडकं आहे: लांब सरकता हात, मळणं, एका जागी गोल घासणं, हलकं थापटणं आणि दाब देऊन धरून ठेवणं. बायकांना मळणं लगेच येतं, कणीक मळण्याची सवय कामाला येते. वेळ लागतो तो दाब ओळखायला. नव्या हाताला वाटतं की जास्त जोर म्हणजे जास्त गुण. मी प्रत्येकीला झोपणारीला दर थोड्या वेळानं विचारायला लावते, "दाब कसा आहे?" आणि झोपणाऱ्या बाईला खरं सांगायला लावते. आपल्या बायकांना दुखतंय हे सांगण्याची सवयच नसते, सहन करत पडून राहतात. म्हणून दुसरीच्या हाताखाली झोपून खरं बोलणं हाही शिक्षणाचा भाग आहे, आणि माझ्या मते अर्धा भाग आहे. प्रत्येकीनं जितके तास मालिश करायची तितकेच तास करून घ्यायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या पाठीवर मायेनं हात ठेवला म्हणून रडणाऱ्या बायका मी वर्गात पाहिल्या आहेत. त्यासाठी वेळ ठेवा, घाई करू नका.

शिकणारीचं स्वतःचं अंगही सांभाळा. भांडी घासून, कपडे पिळून मनगटं आधीच दुखत असतात. त्यावर अंगठ्यानं दाबत राहिलं तर अंगठा निकामी होऊ शकतो. कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन टाकायचं, अंगठ्याऐवजी तळहात, मूठ आणि कोपरापुढचा हात वापरायचा. बाजेवर किंवा दिवाणावर काम करायचं तर उभं राहून हात खाली सोडल्यावर बोटांचे मुटके टेकतील एवढी उंची हवी. पायांखाली विटा लावून ती करता येते. जमिनीवर करताना गुडघ्याखाली घडी. दिवसाला चारच्या वर पूर्ण मालिशा घेऊ नका असं मी सांगते, पैसे मिळत असले तरी.

नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, हात साबणानं धुतलेले. काचेच्या बांगड्यांचा प्रश्न नाजूक आहे. काढा म्हटलं की बऱ्याच जणींना ते सहन होत नाही, आणि सासूला तर नाहीच. मग बांगड्या वर सरकवून त्यावर मोज्याचा कापलेला पट्टा चढवायचा. काम होतं आणि कुणाचं मनही दुखत नाही.

सामानाचा हिशोब सांगते. टेबल विकत घेऊ नका. चेहऱ्याच्या भोकाऐवजी दोन टॉवेल गुंडाळून घोड्याच्या नालेच्या आकारात ठेवले की पालथं झोपलेल्या माणसाला श्वास घेता येतो. झाकायला जुन्या सुती साड्या. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. हा नियम बायका-बायकांतही पाळायचा. तेल साधं, घाण्याचं तिळाचं किंवा खोबरेल. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला अर्धी वाटी पुरते. महागडी सुगंधी तेलं त्वचेला चालतील की नाही सांगता येत नाही, ती टाळा. नव्या माणसाच्या मनगटावर आतून दोन थेंब लावून आधी बघायचं. जागेसाठी तुमच्या वस्तीतलं बुद्धविहार किंवा समाजभवन मागा. दुपारी ते बहुतेक रिकामं असतं आणि शिकण्याच्या कामाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना दीड ते साडेतीन ही वेळ सोयीची. पण एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की पत्र्याच्या खोलीत दुपारी वर्ग घेणं धोक्याचं आहे. तेव्हा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. कूलर असला तरी मालिश झालेल्या माणसाला एकदम उठवू नका, आधी बसवा, पाणी द्या, मग उभं करा.

शिकवायला कोण येईल? मेडिकलमध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण चालतं, सक्करदऱ्याकडे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या शिक्षकांना भेटून दोन-तीन व्याख्यानं आणि अधूनमधून देखरेख मागता येते. पण रोजचा वर्ग घ्यायला स्वतःच्या हातानं रोज काम करणारी व्यक्तीच हवी. तिला मानधन द्या, फुकट राबवू नका.

शिकणारीकडून फी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्ज काढून फी तर नकोच. बचत गटाचं कर्ज पुढे चादरी, तेल आणि सायकल घ्यायला वापरता येईल. फी नसली की येणं अनियमित होतं असा अनुभव काही जण सांगतात. माझ्याकडे येणं अनियमित झालं ते रोज बुडत होता म्हणून. जमेल तिथून थोडं प्रवासभाडं आणि नाश्ता उभा करा. शिकणाऱ्यांनी पाळीपाळीनं चादरी धुवायच्या, खोली झाडायची. वर्ग आपला वाटायला तेवढं पुरतं.

सरावासाठी माणसं हवीत, आणि वस्तीतच ती आहेत. आठवड्यातून एक दिवस विहारात सगळ्यांसाठी खुली मालिश ठेवा. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या खुडण्याच्या जागी, दिवसभर बसून देठ खुडणाऱ्या बायकांच्या माना आणि पाठी बघा, कळमना बाजारात पोती उचलणाऱ्या हमालांचे खांदे बघा. वीस मिनिटं, कपड्यांवरून, खुर्चीवर बसवून. बायकांसाठी बायका आणि पुरुषांसाठी पुरुष. एक डबा ठेवायचा, ज्याला जे जमेल ते टाकेल, कुणी काही टाकलं नाही तरी त्याला तीच वागणूक. डब्यातले पैसे प्रवासभाड्याला. यातून शिकणारीला निरनिराळी अंगं हाताखाली येतात, वस्तीला आराम मिळतो. आणि प्रत्येक मालिशेआधी विचारायचे प्रश्न तिच्या तोंडात बसतात: काय दुखतं, किती दिवस, कोणत्या गोळ्या चालू आहेत, ऑपरेशन झालंय का, कुठं हात लावायचा नाही. शिकवणारी तिथं हजर असलीच पाहिजे, नाहीतर तो दिवस सराव म्हणून धरू नका.

लोकांना वचन काय द्यायचं, तेही ठरवून घ्या. मालिशनं स्नायूंचा ताण उतरतो, झोप लागते, मन शांत होतं, कंबरदुखीला काही काळ आराम पडतो. चालणं आणि व्यायाम जोडला तर तो आराम जास्त टिकतो. मालिशनं लकवा बरा होत नाही, मणक्यांमधली सरकलेली गादी जागेवर जात नाही, चरबी वितळत नाही. अमुक तेलानं लकवा, संधिवात किंवा मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याखाली गुन्हा आहे. नावाआधी "डॉक्टर" किंवा "थेरपिस्ट" लावायचं नाही.

तुमच्या अंध मुलांबद्दल मला मनापासून आशा आहे. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्यानं अंध मुलांसाठी सुया टोचून करायचे उपचार (ॲक्युपंक्चर) आणि मालिश यांच्या शाळा काढल्या, आणि तिथं अंध माणसांनी या व्यवसायात शतकानुशतकं मान मिळवला. पण अंध माणसाच्या हातात उपजत जादू असते असं समजून त्यांचं शिक्षण कमी करू नका. त्यांना "असं कर" म्हणून चालत नाही, हातावर हात ठेवून दाखवावं लागतं, आणि त्यांनी शिकवणाऱ्याच्या हातावर हात ठेवून तो कसा चालतो ते समजून घ्यावं लागतं. चादर, तेल, टॉवेल यांची जागा कुणीही हलवायची नाही. लाली, चट्टा, सूज त्यांना दिसणार नाही, म्हणून प्रश्न विचारणं आणि बोटांनी उष्णता, सूज ओळखणं हे त्यांना दुप्पट शिकवा, आणि सुरुवातीला डोळस जोडीदार द्या. त्यांच्यासाठी घरोघरी फिरण्यापेक्षा एका जागी बसून खुर्चीवरची मालिश जास्त सोयीची: विहार, वाचनालय, परवानगी मिळाली तर कार्यालयं. क्यूआर कोडवर आलेले पैसे फोन बोलून सांगतो, त्यामुळे हिशोबही स्वतः ठेवता येतो.

कामाकडे येते. "लगेच मिळेल का" याचं उत्तर ओळखीवर अवलंबून आहे. ज्यांच्या घरी तुमच्या बायका आधीच जातात त्याच घरांतून पहिलं काम येतं. धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगरकडे कितीतरी वयस्कर माणसं एकटी आहेत, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. काकूंच्या गुडघ्या-पावलांना आठवड्यातून दोनदा हात लावणारी, वेळेवर येणारी आणि मर्यादा ओळखणारी बाई त्यांना हवी असते. दर ठरवताना फक्त एक तास मोजू नका. जाणं-येणं, तेल, चादर धुणं धरलं की तिच्या दिवसातले दोन-अडीच तास गेलेले असतात. तेवढ्या वेळात धुणीभांड्यातून जे मिळालं असतं त्याच्या किमान दुप्पट मागा. गटातल्या सगळ्यांचा दर एकच ठेवा, नाहीतर घरं एकीला दुसरीविरुद्ध खेळवतात.

आणि मानाचा प्रश्न. आपल्या शहरात अजूनही अशी घरं आहेत जिथं बाळ हातात देतात, पण चहाचा कप वेगळा ठेवतात. तिथं जायचं की नाही हे त्या बाईनं ठरवायचं. पण ती नको म्हणाली तर गटानं तिच्या पाठीशी उभं राहायचं आणि तिच्या जागी दुसरी पाठवायची नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

सुरक्षेत तडजोड नाही. मसाज सेंटरांवरच्या पोलीस छाप्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात, त्यामुळे नवरे आणि सासवा घाबरतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात वर्गात बोलवा, काय शिकवतो ते दाखवा. बायकांनी फक्त बायका, मुलं आणि ओळखीतल्या घरातली वयस्कर माणसं घ्यायची. अनोळखी घरी पहिल्या वेळेला दोघींनी जायचं, पत्ता आणि वेळ गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची. काही खटकलं तर मध्येच काम थांबवून निघायचा अधिकार आहे आणि त्या दिवसाचे पैसे गट भरून देईल, हे लिहून ठेवा. पैसे बुडतील या भीतीनं बायका तिथंच राहून काम करत राहतात, म्हणून ही ओळ महत्त्वाची. धोका वाटला तर ११२. घरात काम करताना लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, त्यासाठी नोकरीचं पत्र लागत नाही.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर तुमचा वर्ग जे देईल तो सरावाचा पुरावा असेल, परवाना नाही, हे त्यावरच लिहा. सरकारी मान्यता हवी असलेल्यांनी नंतर कौशल्य विकासाच्या स्पा किंवा पंचकर्म सहायकाच्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी. शाळा सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थानाचा मार्ग आहे, त्यात १५ ते ४५ वयाच्या लोकांना कमी फीत व्यवसाय शिकवतात. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत न्हावीकाम आहे, मालिश नाही. त्या नावानं कुणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नका. ई-श्रमची नोंदणी मोफत असते, ती सगळ्यांनी करून घ्यावी.

तर क्रम असा धरा: आधी घरच्यांची भेट आणि जागा, मग दोन आठवडे फक्त कधी थांबायचं ते, मग कपड्यांवरची मालिश आणि विहारातला खुला दिवस, त्यानंतर तेल, आणि ज्यांचा हात आणि डोकं दोन्ही शांत आहे अशा दोघी-तिघींना बाळ-बाळंतिणीचं.

पुढे लिहिताना मला तीन गोष्टी कळवा. त्या दोन मुलांना थोडं दिसतं की अजिबात नाही, त्यावर खोलीची मांडणी ठरेल. गटात आधीपासून बाळंतिणीची मालिश करणारी कुणी मावशी आहे का? असेल तर तिला विद्यार्थिनी म्हणून बसवू नका, सहशिक्षिका करा, जुन्या सवयींबद्दल मी तिच्याशी वेगळं बोलेन. आणि विहार कोणत्या वेळी रिकामं असतं ते विचारून ठेवा, कारण उन्हाळ्याच्या आत पहिले चाळीस तास व्हायचे तर वर्ग जानेवारीच्या सुरुवातीला बसायला हवा.